पानीकाकींचं एकासणं

सुमेरमलच्या घरात सरकारची वेळ चालत नव्हती.

बेचाळीस साली, लढाईच्या निमित्ताने, सरकारने देशातली घड्याळं एक तास पुढे करायला लावली. नंदुरबार स्टेशनचं घड्याळ पुढे गेलं. शाळेचं गेलं. कचेरीचं गेलं. सुमेरमलचे वडील हस्तीमलकाका यांनी मात्र आपल्या कापडदुकानातल्या घड्याळाला हात लावला नाही. "सूरज काय सरकारचा नोकर आहे?" एवढंच ते म्हणाले.

त्यात हट्ट कमी आणि सोय जास्त होती. मारवाडातून आलेलं जैन घर. सूर्य मावळला की घरात कोणी अन्नाला हात लावत नसे. घड्याळाशेजारी भिंतीवर एक छापील तक्ता होता. वर्षभर रोज सूर्य कधी उगवतो आणि कधी मावळतो, त्याचा. तक्ता जुन्या वेळेचा. घड्याळ पुढे केलं की तक्ता खोटा पडणार. त्यापेक्षा ज्याला गाडी पकडायची असेल त्याने मनात एक तास मिळवावा.

त्या घरात कोणी गाडी पकडत नसे.

तक्ता सगळ्यांसाठी होता, पण पाठ होता एकट्या पानीकाकींना. सुमेरमलच्या आई. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या मारवाडातल्या पालीकडच्या एका खेड्यातून नंदुरबारला आल्या. स्टेशनावर उतरल्या त्यानंतर बारा वर्षं त्यांनी फलाट पाहिला नाही. अक्षरं त्यांना येत नव्हती. आकडे येत होते. सासूने पहिल्या आठवड्यात घड्याळ शिकवलं, चुलीच्या आधी. दुकान आणि घर यांच्यामध्ये एक पडदा होता. त्या पडद्यामागे बसून, गिऱ्हाइकांचं बोलणं ऐकून ऐकून, त्या अहिराणी शिकल्या. स्वतः बोलत कमी.

तेरा वर्षं त्या एकासणं करत होत्या. दिवसातून एकदाच जेवायचं, एका जागी बसून. त्यात एक अट. बसलं की जागा सोडायची नाही. काही कारणाने उठलं की जेवण संपलं, ताटात काही का राहिलेलं असेना. मग दुसऱ्या दिवसापर्यंत उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य असेपर्यंत.

म्हणून त्या जेवायला बसल्या की सगळं घर थांबायचं. सुमेरमल माझा शाळासोबती; मी लहानपणापासून त्या घरात जातो. सुमेरमल अकरा वर्षांचा असताना ओट्यावरून पडला. कपाळ फुटलं. काकींनी पहिलाच घास तोंडात घातला होता. त्या उठल्या. रक्त धुतलं, हळद भरली, आणि ताट गायीपुढे ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाण्यावर राहिल्या. सुमेरमलच्या भुवईवर ती खूण अजून आहे. त्यानंतर आई जेवत असताना तो कधी जागचा हलला नाही. दारात पोस्टमन ओरडत असला तरी हा बसलेला.

हे आधी सांगितलं, कारण त्या शनिवारी जे झालं ते याशिवाय कळणार नाही. मला अजूनही ते पुरतं कळलं आहे असं वाटत नाही.

त्रेचाळीस सालचा कार्तिक. पौर्णिमा नुकतीच झाली होती. मी पुण्याहून बी.ए. होऊन आलो होतो आणि शाळेतल्या जागेची वाट बघत होतो. सुमेरमल मॅट्रिकला माझ्यापेक्षा वर आला होता. पण मी पुण्याला गेलो आणि तो दुकानात बसला. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. महिन्यापूर्वी मात्र त्याने मला नदीवर नेलं आणि खिशातून एक कागद काढला. लष्कराच्या सामान-खात्यात कारकून. सोमवारी सकाळी देवळालीला हजर व्हायचं. पुढे कुठे पाठवतील ते लिहिलेलं नव्हतं. कदाचित समुद्रापार.

"तिथे काय करणार?" मी विचारलं.

"ब्लँकेटं मोजणार." तो हसला. "म्हणजे कापडच. बापूजींना तेवढंच समाधान."

घरी सांगायचं कसं, हा प्रश्न होता. घरी सांगितलं तर वडील आवाज चढवणार, आई पडद्याआड जाऊन बसणार, आणि ह्याचा पाय निघणार नाही. हे त्याचंच म्हणणं. म्हणून त्याने युक्ती काढली. स्टेशनरोडवर एका गुजराती ब्राह्मणाचं भोजनालय होतं. दिवाळीपासून त्याने आत एक खोली पडदा लावून वेगळी केली होती. बाहेर पाटी, 'फ्यामिली रूम'. तिथे सगळ्यांना जेवायला न्यायचं. परक्या ठिकाणी बापूजी ओरडू शकत नाहीत. जेवण झालं की सांगायचं, पाया पडायचं आणि समोरच्या स्टेशनात जाऊन गाडीत बसायचं.

"बाईचं जेवण झाल्याशिवाय नाही पण," तो म्हणाला. आईला तो बाई म्हणे. "आधी सांगितलं तर ती उठेल. उपाशी राहील."

गाडी स्टेशनच्या वेळेने सहा चाळीसला. म्हणजे घरच्या पाच चाळीसला. सूर्यास्त तक्त्याप्रमाणे पाच चोपन्न. साडेतीनला जेवायला बसलं तर सगळं नीट जमत होतं. मंगळवारी आम्ही त्याची पत्र्याची पेटी माळ्यावरून काढून माझ्या घरी नेली. शनिवारी सकाळी मी ती हमालाकडून स्टेशनावर पाठवली आणि दुकानात येऊन बसलो.

बसलो म्हणजे बसता येत नव्हतं. मी सारखा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो आणि एक मिळवत होतो.

"बी.ए.साहेबांना कुठे जायचंय का?" हस्तीमलकाका म्हणाले.

"नाही."

"मग घड्याळ कशाला खाता? आज तुम्हांला हॉटेलात जेवायचंय."

हॉटेलचं त्यांना पटलेलं नव्हतं. पण आठवडाभर सुमेरमल मागे लागला होता, आणि नवलाची गोष्ट ही की पानीकाकी हो म्हणाल्या होत्या. जन्मात त्यांनी बाहेरचं खाल्लं नव्हतं. ब्राह्मणाच्या हातचं आहे, कांदा-लसूण-बटाटा नाही, हे मी स्वतः दोनदा जाऊन ठरवून आलो होतो. त्या दिवशी त्यांनी दुपारचं एकासणं साडेतीनवर ढकललं. आदल्या दिवशी दुपारी जेवलेल्या. मुलाबरोबर जेवायचं म्हणून दिवसभर पोटात काही नाही.

दुपारी मी पाणी प्यायला आत गेलो. काकी पाणी उकळत होत्या. हॉटेलात स्वतःचं पाणी न्यायचं होतं.

"भाया," त्या म्हणाल्या, "सुमेरच्या हातातल्या घड्याळात किती वाजलेत?"

सुमेरमल मागच्या ओसरीवर कापडाचे गठ्ठे उचलत होता. बाही वर सरकलेली. मनगटी घड्याळ मीच त्याला पुण्याहून आणून दिलं होतं. मी नजर टाकली.

"दोन वाजून दहा," मी म्हणालो.

काकींनी पडदा जरासा बाजूला करून दुकानातलं घड्याळ पाहिलं. मग पातेल्यावर झाकण ठेवलं. मी पाणी पिऊन बाहेर आलो.

दुकानातल्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं झाली होती. तेही माझ्या डोक्यात शिरलं नाही.

तीन वाजता दुकान आवरायचं होतं. तीनला वाहरू आला. धडगावच्या डोंगरातलं जुनं गिऱ्हाईक. बरोबर पाच बाया. घरात लग्न होतं. हस्तीमलकाकांनी पुन्हा गादीवर बैठक मारली आणि थानांवर थानं उलगडायला लावली. बायांना लाल रंग पसंत पडेना. हा फिका, तो जाड. सुमेरमल चढत होता, उतरत होता. त्याच्या कपाळावर घाम होता. थंडीचे दिवस.

वाहरूने भिंतीकडे पाहिलं. "शेठ, टेसनवर चार वाजी ग्यात. आठे तीनच?"

"आठे तीनच," काका म्हणाले. इथे तीनच.

"मंग मी एक तास कोठे व्हतू?"

बाया खोखो हसल्या. काकाही हसले आणि त्यांनी अजून दोन थानं काढायला सांगितली. सुमेरमलने माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली.

निघेपर्यंत सव्वाचार झाले. घरचे.

पानीकाकी पायी चालत होत्या. पदर हनुवटीपर्यंत. हातात पाण्याचा तांब्या. पुढे हस्तीमलकाका, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलत. सारंगखेड्याची यात्रा महिन्यावर आली होती. घोड्यांचे व्यापारी येऊ लागले होते. "यंदा तंबू मोठा मारायचा," काका मागे वळून सुमेरमलला म्हणाले. "पंधरा दिवस तू तिथेच मुक्काम कर. गिऱ्हाईक तुझ्याशी चांगलं बोलतं." सुमेरमल हो म्हणाला. त्याला दुसरं काय म्हणता येणार होतं?

भोजनालयाच्या दाराशी काकांनी पाटी वाचली.

"फ्यामिली रूम. म्हणजे काय, बी.ए.साहेब?"

"घरच्या माणसांसाठी खोली."

"मग आपल्या घराला काय म्हणायचं?"

आत एक टेबल, चार खुर्च्या. खिडकी नव्हती. वर एक दिवा. पडद्याच्या फटीतून बाहेरचं घड्याळ दिसत होतं. स्टेशनच्या वेळेचं. पाच पस्तीस. काकी खुर्चीवर बसल्या, लगेच उठल्या. खुर्ची डुगडुगत होती. मी कागदाची घडी करून पायाखाली सरकवली. त्यांनी हाताने दाबून पाहिलं. मग पाय वर घेऊन मांडी घातली, डोळे मिटले, हात जोडले. एकासण्याचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले. आता ती जागा त्यांची.

त्यांच्या समोर सुमेरमल. मी काकांच्या बाजूला.

महाराज म्हणजे भोजनालयाचा मालक स्वतः वाढायला आला. पण फुलके होईनात. लाकडं ओली होती. डाळ आली, कढी आली, दुधीची भाजी आली, गुळाची लापशी आली. साखर बाजारात नव्हतीच. फुलके आले तेव्हा बाहेरच्या घड्याळात सहाला पाच कमी होती.

हस्तीमलकाकांनी पहिला घास घेतला. "कढी पातळ आहे."

"बापूजी, हळू बोला."

"का? त्याला माहीत नाही का, त्याची कढी पातळ आहे ते?"

सुमेरमल हसला. मीही हसलो. आम्ही भराभर जेवलो. सहा वाजून वीस मिनिटांना आम्हां तिघांची ताटं रिकामी होती. अजून वीस मिनिटं. स्टेशन समोर. पुरेसा वेळ होता.

काकींच्या ताटात दीड फुलका होता.

त्या सावकाशच जेवत. पण हे सावकाश वेगळं होतं. एक तुकडा मोडायचा. कढीत बुडवायचा. तो तसाच धरायचा. पदर नाकापर्यंत वर केलेला होता. डोळे मला दिसत नव्हते. पण चेहरा सुमेरमलकडे होता, हे दिसत होतं.

"महाराज," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "सूर्य आहे का?"

महाराज बाहेर जाऊन आला. "हजी छे, बेन."

अजून आहे. काकींनी तो तुकडा खाल्ला. दुसरा मोडला.

काका खुर्चीत मागे रेलले. सारंगखेड्याच्या तंबूबद्दल बोलू लागले. बांबू कुठून आणायचे, राखणीला कोण. सुमेरमल हं हं करत होता. टेबलाखाली त्याचा पाय हलत होता. माझ्या पायाला लागत होता. सहा अठ्ठावीस.

"बाई, कढी गार झाली असेल," तो म्हणाला.

"चालेल."

"अजून मागवू?"

"आहे तेवढी पुरे."

सहा बत्तीस. ताटात अर्धा फुलका. त्या अर्ध्याचे त्यांनी चार तुकडे केले. मी मोजले. एक खाल्ला. मग पाणी प्यायल्या. मग हात टेबलावर तसाच ठेवला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुपारचे दोन वाजून दहा. ज्याला गाडी पकडायची त्यालाच सरकारची वेळ लागते. ते त्यांना दुपारी एकला कळलं होतं. माझ्या तोंडून.

बाहेर घंटा झाली. गाडी स्टेशनाजवळ आल्याची. सुमेरमल खुर्चीत पुढे सरकला.

"मी जरा बाहेर जाऊन येतो."

"कुठे?" काका म्हणाले. "आईचं व्हायचंय."

"आलोच."

तो उठला. पुरता उठलाही नाही. खुर्ची मागे सरकली, एवढंच. काकींनी डावा हात टेबलाच्या कडेवर ठेवला. तळवा टेकवला. उठताना आधाराला ठेवतात तसा. एक पाय मांडीतून सोडला आणि खाली घेतला. जमिनीला टेकवला नाही. अधांतरी धरला.

ताटात तीन तुकडे होते, आणि लापशीला हात लागला नव्हता.

हस्तीमलकाका दात कोरत होते. त्यांना काही दिसलं नाही असं मला त्या वेळी वाटलं. सुमेरमल आईच्या हाताकडे बघत होता. त्याच्या भुवईवरची खूण पांढरी पडली होती. मग तो खाली बसला.

काकींनी पाय वर घेतला. मांडी घातली.

"महाराज, सूर्य आहे का?"

"हजी छे."

त्यांनी दुसरा तुकडा खाल्ला. मग तिसरा. शेवटचा बोटांत धरून ठेवला. बोटांवरची कढी वाळून पिवळी झाली होती. गाडी आली. खोलीचा दिवा थरथरला. बाहेर पळापळ, हमालांची ओरड. ती गाडी तिथे किती मिनिटं थांबते, हे मला ठाऊक होतं. पाच. मी ती पाच मिनिटं पडद्याच्या फटीतून बघत बसलो. सुमेरमल बघत नव्हता. तो टेबलावर नखाने रेघ ओढत होता. एकाच जागी.

शिट्टी झाली. चाकांचा आवाज वाढला आणि कमी होत गेला.

काकींनी शेवटचा तुकडा तोंडात घातला. लापशी खाल्ली, सगळी. पाणी प्यायल्या. हात जोडून काहीतरी म्हटलं. मग खुर्चीवरून उतरल्या. त्यांचा तोल गेला. सुमेरमलनेच धरलं.

"झालं?" हस्तीमलकाका म्हणाले. "आता सांग, कशासाठी आणलं होतंस जेवायला?"

"असंच," सुमेरमल म्हणाला.

बाहेर आलो तर सूर्य अजून गोदामांच्या पत्र्यावर होता. मावळायला सात-आठ मिनिटं असतील. रस्त्यावर तांबडं ऊन पडलं होतं. काका महाराजाला कढी कशी घट्ट करायची ते सांगायला मागे राहिले. आम्ही तिघं उभे राहिलो. कोणाला कोणाकडे बघता येत नव्हतं. मी स्टेशनावर गेलो आणि हमालाकडून पेटी परत घेतली.

रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा सुमेरमल गादीवर थानांच्या घड्या घालत होता. माझ्याशी नीट बोलला. हवेबद्दल. ते ऐकवत नव्हतं. काकींनी मला आत बोलावलं.

"भाया, आज गाडी आहे?"

"त्याच वेळेला, सहा चाळीसला. पण त्याला सोमवारी सकाळी पोचायचं होतं. आज निघाला तर दुपार होईल."

"दुपारी गेला तर घेत नाहीत?"

"माहीत नाही. घेतीलही. हाकलतीलही."

काकी गहू निवडत होत्या.

"तो दहा वर्षांचा असताना विषमज्वराने पडला होता," त्या म्हणाल्या. "तेव्हा मी एकासणं धरलं. कशासाठी ते कोणाला सांगितलं नाही. तपात काही मागायचं नसतं. मागितलं की सौदा. चातुर्मासाला आलेल्या साध्वी, महासतीजी, चार महिने प्रवचनात हेच सांगत होत्या. मी रोज पुढच्या रांगेत बसून ऐकलं."

मी भिंतीला टेकून खाली बसलो.

"तेरा वर्षं मला वाटत होतं, तप करते. काल कळलं, त्याला बांधायला दोर वळत होते."

"तो उठला असता तर तुम्ही खरंच उठला असता?"

त्यांनी सुपातला एक खडा काढून बाजूला ठेवला. "एकदा उठले ना. तो तेच धरून बसला बारा वर्षं. आणि मी त्यावरच बसले काल." मग म्हणाल्या, "याचं प्रायश्चित्त मागून घ्यायला हवं. पण महासतीजी पौर्णिमेला गावाबाहेर पडल्या. चार महिने इथे होत्या तेव्हा मला काही मागायचं सुचलं नाही."

मी बाहेर येऊन बसलो. कुठे जावं ते कळेना. अकराच्या सुमाराला आतून ताटाचा आवाज आला. काकी जेवायला बसल्या होत्या. एवढ्या लवकर त्या कधी जेवत नसत. सुमेरमल सवयीने जागच्या जागी थांबला. दहा मिनिटांत त्यांचं झालं.

दुपारी हस्तीमलकाका गादीवर जरा आडवे झाले. रस्ता सामसूम होता. पडदा हलला. पानीकाकी दुकानात आल्या. दुकानाच्या वेळेत त्या कधी पडद्याबाहेर येत नसत. त्यांनी स्टूल ओढलं, त्यावर चढल्या, घड्याळाचं काचेचं दार उघडलं आणि बोटाने मोठा काटा एक फेरी फिरवला. मध्ये तीनचे टोले पडले. ते पुरते वाजेपर्यंत थांबल्या. मग दार लावून खाली उतरल्या. आम्ही दोघं बघत राहिलो.

टोल्यांनी काका जागे झाले.

"तीन?" ते उठून बसले. घड्याळाकडे पाहिलं, मग उंबऱ्यावरच्या सावलीकडे. "सावली तर दोनचीच आहे. घड्याळाला कोणी हात लावला?"

"मी," काकी म्हणाल्या. त्या पडद्याआड गेल्या नव्हत्या.

"तू? का?"

"सुमेरला गाडी आहे. सहा चाळीसची."

सुमेरमलच्या हातातलं थान खाली घरंगळलं आणि उलगडत दारापर्यंत गेलं.

"कुठली गाडी?"

"त्याला विचारा. माझं एकासणं झालंय. आता त्याला बोलू द्या."

सुमेरमल बोलला. महिनाभर घोकलेली वाक्यं. चार होती, त्यांतली दोन विसरला. हस्तीमलकाकांनी ऐकून घेतलं. ओरडतील असं मला वाटलं होतं.

"लढाईवर," ते म्हणाले. "मांजर आडवं गेलं तर दचकतोस तू."

"कारकुनी आहे, बापूजी. सामान मोजायचं."

"मग इथे काय करत होतास?"

काका उठले. दारापर्यंत गेलेलं थान त्यांनी स्वतः गुंडाळत गुंडाळत परत आणलं. कडा जुळवल्या. एकदा नाही जुळल्या, पुन्हा उलगडलं. त्यांची पाठ आमच्याकडे होती.

"माळ्यावरची पत्र्याची पेटी मंगळवारपासून दिसत नाही," ते तसेच पाठमोरे म्हणाले. "मला वाटलं उंदरांमुळे हलवली असेल." मग वळले, माझ्याकडे. डोळे लाल होते. "तुमच्याकडे असेल, बी.ए.साहेब."

"हो."

"मग बसलात काय? गाडी सरकारच्या वेळेने सुटते."

मी उठलो. चपला पायात घालताना मागे पाहिलं. पानीकाकी भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभ्या होत्या. पाठ केलेले आकडे आता सगळे एकाने चुकले होते. त्या बोट ठेवून एकेक ओळ खाली येत होत्या, ओठ हलवत, प्रत्येकात एक मिळवत.